पाचवा हिस्सा

नवरदेवाला घोडीवर बसवायच्या आधी काट्यावर उभं करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

वरात निघायच्या ठिकाणी मालक आधी पायानं जमीन चाचपायचे. सपाट जागा सापडली की पिशवीतून काटा काढून ठेवायचे. दवाखान्यात असतो तसला, पायाखाली घ्यायचा, सुईवाला. मग नवरदेवाला बोलवायचे, "या, उभं ऱ्हा. बूट काडू नका. फेटा, तलवार, हार, सगला घेऊन." बँडवाले वाजवायचे थांबायचे. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. नवरदेवाच्या कपाळावर घाम. आणि मालक खाली वाकून सुईकडे असे बघायचे, जसं काही मुहूर्त तिच्यातच आहे.

अडुसष्ट. त्याच्या वर गेलं की बसायचं नाही. अडुसष्ट कुठून आलं ते मालक ज्याला त्याला सांगायचे, कोणी विचारलं नाही तरी. चांदणीचं, म्हणजे आमच्या घोडीचं, वजन चारशे किलो. घोड्यानं आपल्या वजनाचा पाचवा हिस्सा पाठीवर घ्यावा, म्हणजे ऐंशी. त्यातले बारा खोगिराचे आणि वरातीच्या साजाचे. उरले अडुसष्ट. पुढं लहान पोर बसवायचं असेल तर त्याचंही वजन त्यातच.

"आवो काका, घोडी हाय ती. तिला काय होतंय? आमी काय ट्रक चढवतोय का?" असं कोणी ना कोणी बोलायचंच.

"ट्रकला पन लिहिलेला असतंय मागं, किती भरायचा ते," मालक म्हणायचे. "हिच्या मागं लिहिलेला नाय, म्हनून मी सांगतो."

वजन जास्त भरलं तर नवरदेवानं घोडीचा लगाम धरून शेजारून चालायचं. मालकांच्या मते त्यातही मान होता. काही जण खरंच चालले, आणि त्यांचे फोटो झकास आले. बाकीच्यांनी शिव्या घातल्या आणि पनवेलहून दुसरी घोडी मागवली. उलव्यात मालकांना सगळे 'काटेवाले' म्हणायचे. घोडीवाले असं कोणी म्हणत नव्हतं.

गंमत म्हणजे मालक स्वतः चांदणीवर कधी बसले नाहीत. ते तेव्हा शहात्तर किलोचे, नुसतं साधं खोगीर धरलं तरी ब्याऐंशी. दोन किलो जास्त. लोक चिडवायचे, काटेवाले, दोन किलोनं काय होतंय? मालक म्हणायचे, "मी भात कमी खातो, मंग बसतो." भात काही कमी झाला नाही. आगरी माणूस, वर खाडीतली निवटी मासळी मिळाली की विचारायलाच नको.

चांदणीचं वजन ते अंदाजानं सांगत नव्हते. महिन्यातून एकदा तिला उरण रस्त्यावरच्या ट्रकच्या वजनकाट्यावर घेऊन जायचे. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, मध्ये चांदणी, मान हलवत. केबिनमधला माणूस ओळखीचा झाला होता. तो चिठ्ठी छापून द्यायचा. चिठ्ठीवर वाहन क्रमांक म्हणून रकाना असतो, तिथं तो 'घोडी' लिहायचा आणि पुढं 'रिकामी'. त्या चिठ्ठ्या मालकांनी तारेत ओवून तबेल्यात टांगल्या होत्या.

आता माझं सांगते. मी परभणीकडची. शाळा सातवीपर्यंत, मग सुटली. लग्न करून नवऱ्याबरोबर उलव्याला आले, तो इमारतीच्या कामावर होता. एक दिवस सुरतेला चांगलं काम आहे म्हणून गेला, आणि गेला तो फोनचा नंबर बदलूनच. माहेरी परत जावं तर भावाच्या घरात आधीच जागा नव्हती. कोणीतरी सांगितलं, काटेवाल्यांना तबेला झाडायला माणूस पाहिजे. मी गेले.

मालकांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. काटा पुढं ठेवला. पंचेचाळीस.

"नऊ," मालक म्हणाले.

एका गोणीत त्यांनी मोजून नऊ किलो माती भरली, दोरीनं माझ्या पाठीला बांधली आणि सांगितलं, आता दिवसभर काम कर. शेण काढ, पाणी भर, खरारा कर, पण ही उतरवायची नाही. मला वाटलं, माणूस वेडा आहे. पण दुसरं कुठं जाणार? मी केलं. संध्याकाळी त्यांनी गोणी उतरवली आणि विचारलं, "कुठं दुकतंय, बाय?"

"कुठंच नाही, मालक."

"खोटा. घोडी पन असाच सांगते."

आणि तबेल्यामागची खोली मला राहायला दिली.

नंतर कळलं की ते स्वतःही दर महिन्याला पंधरा किलोची गोणी पाठीला बांधून खाडीच्या बंधाऱ्यापर्यंत जाऊन यायचे. त्यांचा पाचवा हिस्सा. "इसरायला होतं," एवढंच म्हणायचे. लहानपणी ते मिठागरात होते. एकदा मिठाच्या खड्याकडं बघत सहज बोलले, "भरनारा भरायचा टोपलीत. उचलनाऱ्याला कोनी इचारला नाय कंदी." मी पुढं काही विचारलं नाही. मला विचारायची सवयच नव्हती. कोणी काही म्हटलं की माझं उत्तर ठरलेलं, चालेल. मीठ कमी पडलं, चालेल. खोलीत पाणी गळतं, चालेल. मला सारखं वाटायचं की आपण जरा काही मागितलं की हे म्हणतील, मग जा. म्हणून मी उठायच्या वेळेच्या आधी उठायची आणि झाडलेलं परत झाडायची.

मालकांची बायको वारलेली. लेक कामोठ्याला, सोसायटीत चौथ्या मजल्यावर, सून नोकरीवाली. मालकांना तिकडं करमत नव्हतं. ते ओट्याच्या एका टोकाला जेवायचे, मी दुसऱ्या टोकाला. मधे चार हात जागा आणि कधी कधी सबंध जेवणात एक शब्द नाही. जेवून झालं की ते हात धुवून चांदणीजवळ जायचे आणि तिच्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी, मानेपासून शेपटीकडं, बोटं दाबत न्यायचे. प्रत्येक वितीवर थांबून विचारायचे, "इथं? इथं दुकतंय?" चांदणी कान हलवायची. दिवसभरातलं त्यांचं सगळ्यात जास्त बोलणं ते. मी भांडी घासत ऐकायची. खोटं कशाला सांगू, मला त्या घोडीचा हेवा वाटायचा.

मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही. आधी सुईचं टोक दिसेना, मग आकडे. ऑपरेशन केलं, पण डॉक्टर म्हणाले पडदाच खराब आहे. तेव्हापासून वरातीत काटा ते ठेवायचे आणि आकडा मी वाचायची, मोठ्यानं. सगळे ऐकायचे. मला लाज वाटायची आणि आतून बरंही वाटायचं. सातवीतून सुटलेल्या बाईच्या आकड्यावर वरात चालते किंवा थांबते.

त्या वर्षी लगीनसराईत फार थोड्या सुपाऱ्या आल्या. आलेल्यातल्या निम्म्या माझ्या वाचण्यावर मोडल्या. एका रविवारी मालकांचा लेक आला. वाईट माणूस नाही तो, हे आधीच सांगते. ओट्यावर बसून बोलत होता, मी आत तोबरा भरत होते.

"बाबा, असा किती दिवस? मे संपेपर्यंत चार वराती तरी करा. नाय तर चांदणीला देऊन टाकू कोनाला तरी, आनि ही जागा मोकळी करू. तुमी चला घरी."

"आनि ही बाय?"

"तिला बगंल ती कुटंतरी."

माझ्या हातातला तोबरा तिथंच राहिला. कुटंतरी. माझ्याकडं तेवढं एकच कुटंतरी होतं.

त्यानंतरच्याच आठवड्यात एक वरात होती, संध्याकाळी पाचची. मुलगा मोठा सभ्य. काटा बघून तोच म्हणाला, "काका, मी चालत येतो ना, खरंच." पण त्याचा मामा पुढं आला. "चालत? पाहुणे काय म्हनतील? एकदाच लगीन होतंय. चढ काट्यावर, टेन्शन घेऊ नको."

मुलगा चढला. सुई गेली, हलली, थांबली. एक्याऐंशी.

मालक कान देऊन उभे होते. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "सदुसष्ट."

मुलानं माझ्याकडं पाहिलं. त्याला स्वतःचं वजन माहीत असणारच. त्यानं मान खाली घातली. मामानं शिट्टी मारली.

मालकांनी त्या मुलाच्या खांद्यावरून हात फिरवला. "लागतोस तर भारी, पोरा."

"शेरवानी जाड आहे, मालक," मी म्हणाले.

"बरं."

एवढंच. माझ्या शब्दावर त्यांनी बसवलं त्याला. वरात दोन तास चालली. चालली म्हणजे काय, दहा पावलं जायची आणि गाणं संपेपर्यंत उभी. उभ्या घोड्यावर ओझं जास्त जाणवतं, हे मला मालकांनीच सांगितलेलं. मालक पुढं लगाम धरून, त्यांना दिसत नव्हतं. मी मागून चालत होते, मला सगळं दिसत होतं. चांदणी मागचे पाय सारखे बदलत होती, शेपटी आपटत होती, पाठ खाली सोडत होती.

"आज ही मागं का खेचते गो?" मालकांनी वळून विचारलं.

"आवाजाला बुजली," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी तिच्या पाठीवर बोटं ठेवली. खांद्यामागं पोचली असतील नसतील, चांदणी खाली दबली आणि वळून दात दाखवले. तिनं मालकांना दात दाखवलेले मी पहिल्यांदा पाहिले. कण्याच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढी सूज होती. मालक मिठाच्या कोमट पाण्यानं शेकत बसले. शेकता शेकता म्हणाले, "काल किती भरला होता तो?"

"सदुसष्ट."

तीनदा खोटं बोललेला माणूस चौथ्यांदा बोलतो, त्याला वेगळी हिंमत लागत नाही.

मला वाटलं होतं ते माझ्यावर संशय घेतील. त्याची मी तयारी केली होती, रडायचं कसं तेसुद्धा. पण मालकांनी माझ्यावर संशय घेतलाच नाही. त्यांनी बाकी सगळ्यावर घेतला. आधी खोगिरावर. ते उसवून त्यातला काथ्या नवा भरला. मग काट्यावर. तो पनवेलच्या दुकानात नेला, दुकानदारानं पाच-पाच किलोची वजनं ठेवून दाखवली, काटा बरोबर आहे. सूज उतरल्यावर एका सकाळी म्हणाले, चल, चांदनीला वजनावर नेऊ, ती रोडावली असन. मी बरोबर गेले, त्यांना रस्ता दिसत नव्हता म्हणून.

कंटेनरच्या रांगेत आम्ही उभे राहिलो. नंबर आला, चांदणी लोखंडी पाट्यावर गेली, केबिनमधल्यानं चिठ्ठी दिली.

"वाच."

"चारशे."

मालक चिठ्ठी हातात धरून उभे राहिले. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न मारला. ते हललेच नाहीत.

"म्हंजे घोडी बरोबर, काटा बरोबर," ते म्हणाले. "मंग पाचवा हिस्साच खोटा असन. इतक्या वर्सा मी लोकांना खोटाच सांगत आलो गो. कितीक पोरांना चालवला उगाच."

त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. घर गेलं असतं तर मला जसं वाटलं असतं, तसं त्यांना वाटत होतं. त्यांच्याकडं तेवढी एकच गोष्ट खरी होती आणि ती मी काढून घेतली होती.

"मालक, तो एक्याऐंशी होता."

हॉर्न वाजतच होता. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मी परत म्हणाले, "मी खोटं वाचलं. सदुसष्ट नव्हता. एक्याऐंशी."

मालकांनी बोटांवर मोजलं. ओठ हलत होते. "तेरा," ते म्हणाले. "तेरा किलो जास्ती." आणि मी शपथेवर सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर आधी आलं ते समाधान. "म्हंजे हिस्सा बरोबर हाय."

मग ते समाधान गेलं. त्यांनी लगाम धरला आणि चालायला लागले. मी रस्ता सांगायला पुढं झाले तर म्हणाले, "चांदनीला म्हाईत हाय रस्ता."

तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तसं आमचं बोलणं कमीच, पण न बोलणं आणि हे न बोलणं यात फरक असतो. जेवण मी ओट्याच्या टोकाला ठेवायची, ते जेवायचे. चौथ्या दिवशी मी माझी पिशवी भरली. दोन लुगडी, एक चादर, आईचा फोटो, स्टीलचा डबा. पाया पडायला गेले.

मालकांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि उचलून पाहिली. दोनदा.

"सात किलो," म्हणाले. "तुझ्या हिश्शात बसतंय. पन जाशील कुठं?"

मी पिशवीला हात घातला, त्यांनी सोडली नाही.

"कशाला वाचलास खोटा?"

"तुमचा लेक म्हणाला होता, चार वराती. मी आतून ऐकलं. मला भीती वाटली, मालक. खोली जाईल म्हणून."

"मंग तवाच सांगायचा ना, भ्या वाटला म्हनून." ते चिडले होते. "चांदनी सांगत नाय, तिला तोंड नाय. मना बोटं दाबाय लागतात. तुला तोंड हाय ना? का तुझ्या पन पाठीवर बोटं दाबत बसू?"

मी रडले. ठरवलेलं रडणं नव्हतं ते. त्यांनी पिशवी परत खोलीच्या दारात ठेवली, आणि म्हणाले, "खोलीत पानी गलतंय, त्ये पन मना पत्रेवाल्यानं सांगला. तू नाय."

पत्रा त्या आठवड्यात बदलला. वराती मालकांनी बंद केल्या. चांदणीचा हिस्सा त्यांनी त्या दिवसापासून सहावा केला. म्हणाले, दुखून गेलेल्या पाठीला कमी लागतो. रविवारी सोसायट्यांमधली लहान मुलं यायची, त्यांना मैदानात फेऱ्या. मुलांनाही काटा होताच. मी वाचायची. एकवीस. अठरा. सव्वीस. मुलांना मोठी मजा वाटायची आपला आकडा ओरडून सांगितल्याची. लेकानं परत जागेचा विषय काढला नाही. मालकांनी त्याला काय सांगितलं ते मला माहीत नाही. वरातीत मी केलेलं मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं, एवढं नक्की. नाहीतर पुढं चांदणी आणि ती खोली त्यानं माझ्या भरवशावर ठेवली नसती.

कारण पुढं मालकांना कामोठ्याला जावंच लागलं. डोळे पूर्ण गेले, मग पोटाचा आजार निघाला. मी पंधरा दिवसांतून एकदा बस धरून भेटायला जायची. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीशी ते बसलेले असायचे, दिसत नसलं तरी खिडकीशीच. सून चहा द्यायची आणि आत जायची. आमच्यामधे चार हात जागा. ते चांदणीची पाठ विचारायचे, मी सांगायची.

एकदा म्हणाले, "काटा आन गो पुढच्या टायमाला. हितला काचेचा हाय, त्याच्यावर माझा भरोसा नाय."

मी पिशवीत घालून नेला. मालकांनी पायानं फरशी चाचपली. मी दंडाला धरून त्यांना उभं केलं. दंड माझ्या मुठीत मावत होता. सुई थोडीच गेली आणि थांबली.

"वाच."

चव्वेचाळीस. मी वाकूनच राहिले. शहात्तर किलोचा माणूस होता हा. सून दारात उभी होती, तिनं मला मानेनं खूण केली, साठ सांगा, पासष्ट सांगा. चांगल्या मनानंच केली. माझ्याही जिभेवर आलं होतं.

"चव्वेचाळीस, मालक."

त्यांचे ओठ हलायला लागले. "चांदनी किती?"

"तीनशे साठ. गेल्या आठवड्यात नेली होती."

"सहावा साठ. खोगीर सहा. माझं चव्वेचाळीस. पन्नास झाला." मालकांनी मान वर केली. "बसतो की गो मी आता."

मी चांदणीला नेलं. उलवे ते कामोठे, सकाळी निघून, रस्त्याच्या कडेकडेनं. सोसायटीचा वॉचमन आत घेईना, म्हणाला प्राणी अलाउड नाय. मग लेक मालकांना लिफ्टनं खाली घेऊन आला. फाटकाबाहेर चांदणी खोगीर घालून उभी. चौथ्या मजल्यापासून खालपर्यंत खिडक्यांतून माणसं बघत होती.

मालकांनी आधी खोगीर काढायला लावलं. मग मानेपासून शेपटीकडं बोटं दाबत गेले, दोन्ही बाजूंनी, प्रत्येक वितीवर थांबत. इथं? इथं दुकतंय? बोटांत जोर नव्हता. चांदणी कान हलवत उभी होती.

"बसा, मालक," मी म्हणाले. "तुमचा हिस्सा आहे."

"हाय ना," ते म्हणाले. हात तिच्या पाठीवर तसाच. "हाय म्हनून घेतलाच पायजे का?"

आणि लेकाला म्हणाले, चल वर.

त्यानंतर ते महिनाभर होते.

त्या दिवशी परत येताना ऊन चढलं होतं. आम्ही दोघी चालतच आलो, खोगीर चांदणीच्या पाठीवर, लगाम माझ्या हातात. माझं वजन तेव्हा एक्कावन्न होतं. मला सहज बसता आलं असतं.